केक घरचाच होता

ठाणे जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय चाळिशीचं, नोकरीसाठी रोजचा लोकलचा प्रवास, घरी नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गेल्या महिन्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी झाली. त्या अंडं खात नाहीत, म्हणून या मैत्रिणीने एगलेस प्रीमिक्सची, म्हणजे केकच्या तयार कोरड्या मिश्रणाची, दोन पाकिटं आणली, तेल-पाणी घालून रात्री केक भाजला आणि सकाळी उठून वर क्रीम लावलं. केक छान झाला. नवऱ्याने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, "विकतचा नाही हां, हिने घरी केलाय, अगदी पहिल्यापासून." सासूबाईंचे डोळे भरून आले. "घरचं ते घरचं," असं म्हणाल्या. मैत्रीण गप्प राहिली. आता मोठ्या जाऊबाई कृती मागताहेत, आणि त्या स्वतः लोणी-साखर फेटून, मैदा चाळून केक करणाऱ्या आहेत. पाकिटं मुलीनेच फोडली होती. तिने त्या रात्री विचारलं, "आई, आपण आजीला खोटं सांगितलं का?"

मैत्रिणीचे तीन प्रश्न आहेत. जाऊबाईंना काय सांगू? पाकिटाचा केक घरचा नव्हेच का? आणि पहिल्यापासून केक करायला मला वेळ नाही, तर हा नादच सोडून देऊ का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात दोन ओझी एकमेकांत अडकली आहेत. केक पाकिटाचा होता हे एक, आणि तुम्ही गप्प बसलात हे दुसरं. पहिल्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. दुसरं तसं लहानसं आहे, पण जाऊबाईंनी कृती मागितल्यापासून ते वाढायला लागलंय, त्यामुळे लवकर निस्तरायला हवं. तुम्ही मात्र दोन्ही एकत्र करून "मी सगळ्यांना फसवलं" असं लिहिलंत. "अगदी पहिल्यापासून" हे तुम्ही म्हणाला नव्हतात, ते यजमान कौतुकाच्या भरात बोलून गेले. भरल्या घरात, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी असताना, "अहो, मी पाकिटं आणली होती" असं मध्येच म्हणणं फार थोड्या जणींना जमलं असतं. त्या क्षणी न बोलण्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. आता काय करायचं ते पुढे सांगते.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समज आहे. पूर्वीच्या बायका सगळं पहिल्यापासून करत आणि आपण पाकिटं फोडतो, असं तुम्हाला वाटतं. लोणच्या-पापडांचं काय ते असो, केक-बिस्किटांच्या बाबतीत हे खरं नाही. सासूबाईंनाच विचारून बघा. त्यांचा संसार सुरू झाला तो 1970 च्या दशकात. तेव्हा आपल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत ओव्हन नव्हता. तळणं, उकडणं, वाफवणं, तव्यावर भाजणं सगळं होतं, पण बंद जागेत चारी बाजूंनी उष्णता देऊन भाजायची सोय घरात नव्हती. म्हणून दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ घरी मळायचं, डबा घेऊन जवळच्या बेकरीत जायचं, तिथल्या पत्र्यांवर नानकटाया थापायच्या आणि आपला पत्रा भट्टीतून निघेपर्यंत थांबायचं. किलोमागे भाजणावळ द्यायची. काही ठिकाणी मैदा, तूप, साखर नेऊन दिली की मळण्यापासून सगळं बेकरीवालाच करून देई. तूपही अनेक घरांत साजूक नसे, डब्यातलं वनस्पती तूप असे. तरी डबे भरून घरी आलेल्या त्या नानकटाईला विकतची कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणूही नये. दळण गिरणीत दिलं म्हणून पोळी विकतची होत नाही.

नंतर झाकणाला काच असलेले गोल अ‍ॅल्युमिनियमचे विजेचे ओव्हन आले. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू पसरून केक केले. बिनअंड्याचा केक तर किती तरी घरांत मिल्कमेडच्या डब्यावरच शिकला गेला. प्रत्येक पिढीने कामाचा काही भाग बाहेर सोपवला आणि काही हातात ठेवला.

आणखी मागे जाऊ. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने 1837 मध्ये अंड्याशिवायचं कस्टर्ड तयार केलं आणि 1843 मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर. आपल्या फ्रूट कस्टर्डची पावडर आणि केकमधली बेकिंग पावडर, दोन्हींचं मूळ तिथे आहे. त्याआधी केक फुगवायचा तर बहुधा अंडी फेटत बसायचं किंवा यीस्ट वापरायचं. म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या "पहिल्यापासूनच्या" केकमध्ये जी चमचाभर पावडर पडते, तीही कुणीतरी मोजून, मिसळून डब्यात भरून दिलेलीच आहे. हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. तुम्ही मनात जी रेघ ओढली आहे, अलीकडे खरा केक आणि पलीकडे खोटा, ती रेघ काळाबरोबर सारखी सरकत आली आहे, एवढंच दाखवायचं आहे.

केकच्या पाकिटाबद्दल वाटणारी अपराधी भावनाही नवी नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सुकवलेली मळी (काकवीसारखा उसाचा पाक) आणि पीठ एकत्र करून केकचं तयार मिश्रण काढलं. 1933 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यात अंड्याची भुकटीही होती, नुसतं पाणी घालायचं. दोनच वर्षांनी, 1935 च्या दुसऱ्या पेटंटमध्ये, त्यांनी अंडं काढून टाकलं आणि लिहिलं की गृहिणींना ताजं अंडं स्वतः घालणं जास्त आवडतं असं दिसतं. पुढे 1950 च्या दशकात अर्नेस्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाने कंपन्यांना बायकांच्या अपराधी भावनेवर हाच उपाय सुचवला आणि मग मिश्रणं खपू लागली, अशी गोष्ट फार सांगितली जाते. पण ताज्या अंड्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ताज्या अंड्याने केक खरोखरच चांगला होतो, हे त्यामागचं साधं कारण. बाईने अंडं फोडलं म्हणजे तिला "मी केला" असं वाटेल, ही गोष्ट मात्र इतकी वर्षं टिकून राहिली. घरच्यांसाठी केलेल्या कामात बाईचे कष्ट दिसलेच पाहिजेत, नाहीतर ते प्रेम मोजलं जाणार नाही, ही अपेक्षा त्या गोष्टीत दडलेली आहे. ती अपेक्षा तुमच्या पत्रातही आहे. रात्री कामावरून येऊन तुम्ही केक भाजला, सकाळी उठून क्रीम लावलं. सासूबाईंना अंडं चालत नाही हे लक्षात ठेवून पाकीट निवडलंत. हे सगळं तुम्ही हिशेबात धरलंच नाही, कारण मैदा तुम्ही चाळला नव्हता. सासूबाईंसाठी तुम्ही जे केलंत ते पुरेसं होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे की केक घरचाच होता.

मग पाकिटाचा केक आणि पहिल्यापासून केलेला केक, या दोन्हींत फरक नाहीच का? आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

नोकरी सांभाळून वेळ नाही, असं तुम्ही लिहिता. एकदा घड्याळ लावून बघा. भांड्याला तूप-मैदा लावणं, ओव्हन तापवणं, अर्धा-पाऊण तास भाजणं, गार होईपर्यंत थांबणं, भांडी घासणं, हे दोन्हींत सारखंच. पाकिटामुळे वाचतं ते मैदा, साखर, सोडा, पावडर मोजून चाळायचं काम, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. पाकीट खरं म्हणजे तुमची काळजी वाचवतं. फुगेल का, मधे बसेल का, पाहुणे यायच्या आत होईल का, हे विचार ते तुमच्यापासून दूर ठेवतं. पंच्याहत्तरीच्या आदल्या रात्री ती शाश्वती विकत घेणं शहाणपणाचंच होतं. पण काळजी सोपवली की तिच्याबरोबर समजही सोपवली जाते. केक का फुगला हे तुम्हाला कळत नाही, आणि म्हणून एखाद्या वेळी फसला तर तो का फसला हेही कळत नाही. साखर कमी करायची तर करता येत नाही, कारण ती पाकिटातच मिसळलेली असते. गोडीत दरवेळी तोच व्हॅनिलाचा वास येतो.

पाकिटामागचं वाचण्याची सवय लावून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मैदा आणि साखर बहुधा पहिल्या दोन जागी दिसतील. काही घटक आकड्यांनी लिहिलेले असतात. 500(ii) म्हणजे आपला खायचा सोडा आणि 450(i) म्हणजे त्याच्याशी संयोग पावणारं आम्ल, दोन्ही मिळून बेकिंग पावडरचंच काम करतात. 471 हा तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक, नुसतं तेल-पाणी घालूनही केक मऊ होतो त्यामागे बहुतेक वेळा असे घटक असतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. घरचा केकही मैद्याचा आणि साखरेचाच असतो, त्यामुळे घरी केला म्हणून तो पौष्टिक होतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला काळजी वाटते ती वरच्या क्रीमची. बाजारात मिळणारी बरीच व्हिप टॉपिंग्ज दुधाची नसतातच, हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेल्या, वनस्पती चरबीची असतात. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला अपायकारक चरबीवर, 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी संपृक्त चरबी आणि साखर उरतेच. पंच्याहत्तरीच्या माणसासाठी केक करताना क्रीमचा जाड थर न देता वर नुसती पिठीसाखर भुरभुरवली तरी चालतं. आणि "एगलेस" या मोठ्या अक्षरांवर न थांबता हिरवी खूण आणि घटकांची यादी दोन्ही बघा, कारण काही मिश्रणांत अंड्याची भुकटी असते. ज्या मैत्रिणी घरून केक विकतात त्यांनी तर ही यादी गिऱ्हाइकाने विचारायची वाट न बघता सांगावी. सोया, दूध, गहू कुणालाही बाधू शकतात.

आता हाताने करण्याची खरी किंमत. ती मला सगळ्यात स्पष्ट दिसते नानकटाईत. यात अंडं नाही, यीस्ट नाही, जिन्नस पाच-सहाच. सगळी करामत तुपाची. तूप पातळ असलं तर नानकटाई पत्र्यावर पसरते, फार घट्ट असलं तर साखर त्यात मिसळत नाही. थिजलेलं रवाळ तूप परातीत घेऊन तळहाताने फेटत राहायचं. आधी पिवळसर, मग फिकट, मग पांढरं आणि हलकं होत जातं, कारण त्यात हवा शिरते. पुढे नानकटाई तोंडात विरघळते ती मुख्यतः याच हवेमुळे आणि तुपाच्या प्रमाणामुळे, सोडा चिमूटभरच लागतो. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं तर मैद्याला ताण येतो आणि नानकटाई कडक होते. थोडं बेसन घातलं की खमंगपणा येतो, थोडा रवा घातला की चावताना जरा कुरकुरते. हे तळहाताला एकदा समजलं की डोंबिवलीच्या उकाड्यातलं तूप आणि जानेवारीतल्या नाशिकचं तूप वेगळं वागतं हेही समजतं, आणि तुम्ही आपोआप एखादा चमचा मागेपुढे करता. कुठल्याही पाकिटावर हे छापता येत नाही, कारण ते हवामान आणि तो हात छापणाऱ्याला ठाऊक नसतो.

सगळंच असं हाताने यावं, असा माझा आग्रह नाही. खारी घरी करा असं मी कुणाला सांगणार नाही. लोण्याच्या घड्या घालत, मधेमधे गार करत बसण्यापेक्षा चांगल्या बेकरीतून ताजी आणावी. गोव्यात बिबिंक ज्या घरांत करतात तिथे एक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर भाजायचा, मग त्यावर दुसरा, असं तासन्‌तास चालतं. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप आणि थोडा मैदा एवढ्यातून होणाऱ्या त्या गोडाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी नाताळात तो ज्याला उत्तम जमतो त्याच्याकडून मागवणारी कुटुंबंही गोव्यात भरपूर आहेत. दुसऱ्याच्या कसबाला मोल देऊन ते घरी आणणं हीसुद्धा चांगली वाट आहे, आणि पाकिटापेक्षा मला ती जास्त आवडते. तुम्ही एक-दोनच पदार्थ निवडा, जे तुमच्या हाताला यावेत असं तुम्हाला वाटतं. बाकीचं पाकिटातून किंवा बेकरीतून आणा आणि तसं मोकळेपणाने सांगा.

तुमच्या जागी मी असते तर पाकिटाआधी घरचं कोरडं मिश्रण करून ठेवलं असतं. दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा आणि चिमूट मीठ, हे सगळं दोन-तीनदा एकत्र चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं. रविवारी अशा दोन-तीन बरण्या भरून ठेवता येतात. वर तारीख लिहा आणि महिन्याभरात संपवा, पावसाळ्यात तर त्याही आधी, कारण दमटपणाने पावडरचा जोर जातो. केक करायचा त्या दिवशी एक कप ताजं, आंबट नसलेलं दही, अर्धा कप वास नसलेलं तेल आणि चमचाभर व्हॅनिला एकत्र फेटायचं, त्यात बरणी रिकामी करायची आणि हलक्या हाताने ढवळायचं. घट्ट वाटलं तर थोडं दूध. दह्यातलं आम्ल सोड्याला लगेच फुगवायला लागतं, म्हणून मिश्रण ठेवून द्यायचं नाही. ओव्हन 180 अंशांवर आधीच तापलेला हवा. सात इंची भांड्यात पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. मधोमध सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला. ओव्हन नसलेल्यांना जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर करता येतो, वेळ मात्र जास्त लागतो. पावडर जुनी झाली का अशी शंका आली तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर चांगली.

हे एकदा जमलं की बदल करायला धीर येतो. हिवाळ्यात नागपुरी संत्र्याची साल किसून घाला, फक्त वरची केशरी, आतली पांढरी कडू लागते. मे महिन्यात अर्धा कप दह्याच्या जागी आमरस घालून बघा आणि साखर कमी करा. पाव कप मैद्याऐवजी कोको घातला की मुलीच्या आवडीचा होईल. कणकेचा करायचा असेल तर दूध थोडं वाढवा आणि तो मैद्याइतका हलका होणार नाही हे आधीच धरून चला. आणि जाऊबाईंसारखा लोण्याचा केक करावासा वाटला तर टेबलावरचं खारं बटर वापरू नका, बिनमिठाचं आणा किंवा घरचं लोणी घ्या.

आता जाऊबाई. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. कुठून तरी एक कृती उतरवून "हीच ती" म्हणून पाठवायची, ही पहिली. ती मुळीच नको. त्या करून बघतील, चव वेगळी लागेल, आणि मुद्दाम एखादा जिन्नस वगळून कृती दिली असा संशय येईल. आपल्या घरांत या एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं मनं दुखावलेली मी पाहिली आहेत. "देते, देते" म्हणत टाळत राहायचं ही दुसरी वाट. त्यात प्रत्येक सणाला तुमच्या पोटात गोळा येईल. तिसरी वाट सरळ सांगण्याची. फोन करा, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहू नका, कारण तिथे साध्या गोष्टीचा जाहीर खुलासा होऊन बसतो. एवढंच म्हणा: "ताई, तो प्रीमिक्सचा केक होता. आदल्या रात्री दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं. हे बोलून गेले आणि मला तिथे खोडून काढणं बरं वाटलं नाही. पाकिटाचं नाव पाठवते. पण मला तुमच्यासारखा लोण्याचा करायला शिकायचाय, एखाद्या रविवारी दाखवाल का?" शेवटचा प्रश्न त्यांना बरं वाटावं म्हणून विचारू नका. खरंच शिकायचं असेल तरच विचारा. त्या थोडं लागेल असं बोलल्याच तर ऐकून घ्या आणि पुन्हा समर्थन करत बसू नका. ज्यांच्या हातात कसब असतं त्यांना बहुधा शिकणारी आवडते.

यजमानांशीही बोला. रागवायला नव्हे. पुढच्या वेळी कौतुक करताना काय खरं आहे ते आधी विचारून घ्यावं, एवढंच. आणि घरच्या चवीची त्यांना इतकी किंमत आहे, तर बरण्या भरायला आणि मैदा चाळायला तेही बसू शकतात. घरचं खाणं चांगलं असेल तर त्याचे कष्ट एकट्या तुमच्याच वाट्याला का यावेत?

मुलीचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिला "तुला काय कळतंय" म्हणू नका. "तू विचारलंस ते बरोबर होतं. आपण केक मनापासून केला, पण बाबांचं बोलणं चुकीचं होतं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. आता करूया," असं सांगा. आणि आजीला सांगायला तिला बरोबर घेऊन बसा. सासूबाईंना याचं फार वाईट वाटेल असं मला वाटत नाही. बेकरीच्या भट्टीपाशी डबे घेऊन उभी राहिलेली ती पिढी आहे, काय हाताने करायचं आणि काय सोपवायचं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्याच बसण्यात त्यांच्याकडून नानकटाई शिकायचं ठरवा, आणि हे पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. त्यांचं माप बहुतेक वाटीचं आणि ओंजळीचं असेल. त्यांनी प्रत्येक जिन्नस परातीत घालण्याआधी तो वजनकाट्यावर ठेवा आणि मुलीला ग्रॅममध्ये लिहून घ्यायला सांगा. तूप पिठाच्या वजनाच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत कुठेही असू शकतं, आणि त्यांच्या चवीचं बरंचसं गुपित तिथेच असेल. तूप किती वेळ फेटलं, कुठल्या रंगावर थांबल्या, हे त्यांना विचारून लिहा. बेकरीच्या भट्टीचं तापमान त्यांना ठाऊक नसणार, म्हणून तुमच्या ओव्हनला 160 ते 170 अंशांवर, पंधरा ते वीस मिनिटं, असं धरून सुरुवात करा. पहिला घाणा तीन-चार नानकटायांचाच लावा. पसरल्या तर उरलेलं पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, गोळे वळतानाच चुरा होत असेल तर चमचाभर तूप घाला, आणि ओव्हनमधून काढल्यावर मऊ लागल्या तरी पुन्हा आत सरकवू नका, गार झाल्यावर त्या खुसखुशीत होतात.